ओसरीवरचा चुकलेला शब्द

माझं इंग्रजी शेणात सुरू झालं असं मी सांगते, तेव्हा लोक हसतात. हसोत बापडे. शेणानं सारवलेल्या त्या ओसरीचे उपकार मला ठाऊक आहेत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या गावात चौथीपर्यंतच शाळा होती. पाचवीला मी जवळा बाजारला चालत जाऊ लागले आणि तिथं इंग्रजीशी गाठ पडली. गुरुजी फळ्यावर शब्द लिहायचे, आम्ही घोकायचो, आणि दुसऱ्या दिवशी ज्याला आलं नाही त्याच्या तळहातावर छडी बसायची. माझे तळहात कायम लाल. घोकलेलं सगळं घरी येईपर्यंत वाटेतल्या ओढ्यात वाहून जायचं.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पोळा झाल्या झाल्या सांगून टाकलं, "सहामाहीत इंग्रजीत नापास झालीस तर दिवाळीपासून शाळा बंद. कापूस वेचाया चल."

आबा दुष्ट नव्हते. ते निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. पुढं राज्य गेलं, शाळा मराठी झाली आणि त्यांचं शिकणं होतं तिथंच थांबलं. ज्या अक्षरांसाठी मार खाल्ला, ती गावात कुणी विचारीना. "आमी शिकलो ते कुठं कामाला आलं? उगं तकलीफ," असं ते म्हणायचे. आता माझी अक्षरंही वाया जाणार याची त्यांना खात्रीच होती.

मला वाचवलं ते वैनीनं. वैनी म्हणजे थोरल्या दादाची बायको, आखाडा बाळापूरकडची. सातवी पास झाली आणि आठवीच्या वर्गात बसायच्या ऐवजी बोहल्यावर बसली. सासऱ्यासमोर तिचा पदर कपाळाखाली आणि तोंडाला कुलूप. पण मागच्या अंगणात आम्ही दोघीच असलो की तीच पोरगी व्हायची. मी तिच्याहून लहान, पण नणंद पडले, म्हणून मला 'बाई' म्हणायची.

"घोकू नका, बाई. खेळा," ती म्हणाली.

मग सागरगोटे निघाले. गोटा वर उडवला की एक अक्षर म्हणायचं. शब्द पुरा व्हायच्या आत गोटा निसटला, तर डाव तिचा. पाण्याला जाताना पावलागणिक एक अक्षर. अडलं की घागर घेऊन तिथंच उभं राहायचं, मागच्या बायका ओरडल्या तरी. 'नाइफ'मधला पहिला के मला काही केल्या आठवत नसे. वैनी म्हणाली, "के म्हंजी नवी सून. म्होरं उभी ऱ्हाती, पर बोलायचं न्हाई." तो के मी पुन्हा कधी विसरले नाही.

पण खरा खेळ सारवणाचा. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी ओसरी सारवायची असे. वैनी शेणकाल्याचा हात फिरवत मागं सरकायची आणि ती सांगेल तो शब्द मी ओल्या भुईवर बोटानं लिहायचे. बरोबर आला की ती त्याच्यावरून हात फिरवायची, शब्द गडप. चुकला तर तसाच वाळू द्यायची, पुढच्या सारवणापर्यंत.

"बराबर हाय ते तुमच्या डोस्क्यात गेलं. चुकलं ते डोळ्याम्होरं राहू द्या," असा तिचा न्याय होता. आई कुरकुरायची, "भुईला काहून असं वरबडून राहिल्या गं?" पण थांबवलं तिनंही नाही.

एकदा 'फार्मर' चुकला. शेतकऱ्याची पोर, आणि नेमका तोच. तोही ओसरीच्या ऐन पायरीशी, हातभर लांब. संध्याकाळी आबा शेतातून आले, डोक्यावर गवताचा भारा. पायरीवर पाय टाकणार तोच थबकले. खाली बघितलं. मग भारा तसाच सावरत वळले आणि गोठ्याच्या बाजूनं घरात आले.

आमच्याकडं कागदाला पाय लागला तरी हात लावून कपाळाला लावतात. अक्षर तुडवायचं नाही, ओलांडायचंही नाही. तो आठवडाभर आबा गोठ्यातूनच ये-जा करत राहिले. भेटायला येणाऱ्यालाही सांगत, "तिकडून या. हितं पोरीची इद्या हाय."

मी लाजेनं अर्धी झाले. इद्या कसली, धडधडीत चूक ती! माझ्या चुकीपायी माझा बाप शेणामुतातून येत होता. त्या आठवड्यात मी जेवढे शब्द पाठ केले, तेवढे छडीनं वर्षभरात झाले नसते.

तरीही सहामाहीत मी नापास झाले. थोडक्यात, पण नापास. सुट्टी लागायच्या आधी गुरुजींनी पेपर दाखवले आणि मी रडत घरी आले. आबांसमोर उभी राहून सगळं एका दमात सांगितलं, ओसरीवरचा तो शब्द चुकलेला होता हेसुद्धा.



"चुकली म्हणून काय इद्या तुडवायची?" आबा म्हणाले. "आठ दिस गोठ्यातून आलो गेलो, ते काय तुला कापसात घालाया? जाय शाळंत. वेचणीचं आमी बघू."

मी शिकले ती त्या वाक्यावर. वार्षिक परीक्षेत इंग्रजीत पास झाले, आणि पुढंही शिकत राहिले. वैनी आणि आबा, या दोघांचं ऋण माझ्यानं फिटायचं नाही, आणि फिटावं असंही मला वाटत नाही.

मी नापास झाले त्याच दिवाळीचं सारवण चाललं होतं. बायकांच्या कामात कधी हात न घालणारे आबा ओसरीच्या कडेला येऊन उकिडवे बसले. बाही वर सारली आणि ओल्या भुईवर उजवीकडून डावीकडं बोट ओढत गेले. बोट मधेच अडलं, पुन्हा चाललं.

"माझं नाव हाय," ते म्हणाले. "बराबर हाय का बघ, सूनबाई."

वैनीला उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं. तिनं त्या ओळीकडं बघितलं, शेणानं भरलेल्या आपल्या हाताकडं बघितलं, आणि तेवढी जागा सोडून बाकीची ओसरी सारवत गेली.

दिवाळीला आलेले झाडून सारे पाहुणे गोठ्यातून आत आले. आबांसमोर कधी तोंड न उघडणारी वैनी पदराआडून एकेकाला सांगत होती, "तिकडून या. हितं मामंजीची इद्या हाय."