गोदामातले थापाडे आणि त्यांचे व्याही

थापाडे हे त्यांचं आडनाव नव्हतं. छापखान्यात कागदाचं नवं रीळ आलं की ते आधी त्यावर तळहाताने दोन-तीन ठिकाणी थाप मारत आणि कान देऊन ऐकत. घट्ट गुंडाळलेलं रीळ टणक वाजतं, सैल असेल तर बद्द. बद्द वाजलं की थापाडे त्यावर खडूने फुली मारून ते बाजूला काढत. या थापांवरून कुणीतरी त्यांना थापाडे म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं, की नवी माणसं आधी त्यांच्या कुठल्याच शब्दावर विश्वास ठेवत नसत. महिनाभरात त्यांना कळायचं, की अख्ख्या छापखान्यात थापा न मारणारा बहुधा हा एकच गृहस्थ आहे.

सत्तावीस वर्षं रिळांचं गोदाम त्यांच्या ताब्यात होतं. एकेक रीळ माणसाच्या छातीला लागेल एवढं, वजन आठ-नऊशे किलो. पण एवढं धूड असूनही त्याचं अंग फार नाजूक. जमिनीवर एक खडा राहिला आणि त्यावरून रीळ घरंगळलं, तर खड्याची खूण कितीतरी वेढे आत उतरते. आडवं ठेवलं तर आपल्याच वजनाने चपटं होतं, आणि मग मशीनवर फिरण्याऐवजी उड्या मारतं. वेष्टण वेळेआधी सोडलं तर हवेतला ओलावा पितं. म्हणून थापाडे रिळं उभी रचत, मशीनवर चढवायच्या दिवसापर्यंत वेष्टणाला कुणाला हात लावू देत नसत, आणि रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन गोदाम स्वतः झाडत.

बायको म्हणायची, "घरात कधी हातात झाडू धरला नाहीत, आणि तिकडे बघा!"

"घरात आपण रिळं ठेवत नाही," थापाडे म्हणत.

छापखान्यात त्यांचा जिवाभावाचा माणूस एकच. मोठ्या मशीनवरचा मुख्य कारागीर. दोघे एकाच दिवशी कामावर लागले होते, हजेरीपटावर पहिल्या सह्याही शेजारी शेजारी केलेल्या. पुढे कारागिराच्या मुलाने थापाड्यांच्या मुलीला मागणी घातली, तेव्हा दोन्ही घरांत कुणाला विचारात पडायची गरजच वाटली नाही. मित्र होते ते व्याही झाले, एवढाच फरक. जावईसुद्धा त्याच मशीनवर. वर चढवलेलं रीळ सुटताना कागदाला योग्य तो ताण राहावा म्हणून रिळाच्या दांड्याला ब्रेक असतो. तो ब्रेक दर आठवड्याला तपासायचा आणि तपासल्याची सही करायची, हे जावयाचं काम.

मग एका वर्षी कागद तुटायला लागला. मशीनमधून धावणारा कागद मध्येच तुटला की सगळा पसारा थांबतो. रुळांना गुंडाळलेल्या चिंध्या सोडवा, कागद पुन्हा ओवा, यात अर्धा तास जातो. पूर्वी आठवड्यातून एखाद्या वेळी होणारी ही गोष्ट एका पाळीत चार-चारदा व्हायला लागली. शाळेच्या पुस्तकांची छपाई रखडली, वरून विचारणा झाली, आणि चौकशी बसली.

थापाडे मात्र हातावर हात ठेवून बसले नव्हते. प्रत्येक वेळी कागद तुटला की तुटलेली दोन्ही टोकं ते कापून ठेवत आणि त्यावर रिळाचा नंबर लिहीत. साठवणुकीत रिळाच्या काठाला खोच पडली असेल, तर फाट त्या खोचेपासून सुरू होते आणि तिरकी धावते. ही टोकं तशी नव्हती. काठ धड होते, आणि कागद मधूनच आडवा, झटका बसल्यासारखा तुटलेला. त्यांनी ती सगळी टोकं दोरीने बांधून व्याह्यांपुढे ठेवली.

"हे बघ. रीळ चांगलं आहे. तुमच्याकडे कुठेतरी हिसका बसतोय."

व्याह्यांनी दोन-चार टोकं उलटसुलट करून पाहिली. "माझ्याकडे दे," ते म्हणाले. "साहेबांना मी दाखवतो. आणि हे बघ, चौकशीत तू फार बोलू नकोस. तू तोंड उघडलंस की भांडायलाच उठतोस. मी आहे ना."

थापाड्यांनी गठ्ठा दिला आणि निर्धास्त झाले. चौकशीच्या खोलीत त्यांना विचारलं, तुमचं काही म्हणणं? ते म्हणाले, "मुख्य कारागीर सांगतील तेच माझं म्हणणं."

पंधरा दिवसांनी त्यांच्या हातात बदलीचा कागद पडला. गोदाम बाहेरच्या एका कंत्राटदाराकडे जाणार होतं आणि थापाड्यांनी रद्दी विभागात जाऊन तुटक्या कागदाचे गठ्ठे बांधायचे होते. कारण लिहिलेलं नव्हतं. व्याही त्या दिवशी संध्याकाळी घरी आले, खांद्यावर हात ठेवून बसले. "मी खूप बोललो रे. पण त्यांचं आधीच ठरलेलं होतं," ते म्हणाले. थापाड्यांच्या बायकोने दोघांपुढे चहा ठेवला. जाताना व्याह्यांचे डोळे भरून आले होते. थापाड्यांनीच त्यांना, "अरे, तू कशाला जिवाला लावून घेतोस?" म्हणून समजावलं आणि कोपऱ्यापर्यंत पोचवलं.

रद्दी विभाग म्हणजे मागच्या बाजूची एक लांबोडकी शेड. तिथे दाबयंत्रात कागद टाकायचा, पट्ट्या आवळायच्या, गठ्ठा ढकलायचा. काम डोक्याचं नव्हतं, पण डोळे उघडे होते. रोज मशीनवरून येणाऱ्या चिंध्यांत थापाड्यांना तीच आडवी तुटलेली टोकं दिसत. म्हणजे गोदाम बदललं तरी कागद तुटतोच आहे. त्यांनी व्याह्यांना एकदा सांगितलंही. व्याही म्हणाले, "सोड आता. तुझ्या डोक्याला कशाला ताप?" थापाड्यांनी सोडलं. तरी सवयीने टोकं मात्र तारीख घालून जपून ठेवत राहिले.

तीन महिन्यांनी एका दुपारी कंत्राटदाराच्या सुपरवायझर बाई शेडमध्ये आल्या. चाळिशीच्या, बारीक चणीच्या, हातात कायम टाचणवही. गोदाम ताब्यात घेताना थापाड्यांनी त्यांना दोन दिवस सगळं समजावून दिलं होतं.

"मामा, एक विचारू? राग मानू नका."

"विचारा की."

"मला नोटीस आलीय. माझ्या साठवणुकीमुळे कागद तुटतो म्हणे. आणि सुधारणा करा म्हणून मागच्या चौकशीचा अहवाल जोडून दिलाय. तो वाचला आणि मला काही कळेना. यात लिहिलंय, गोदामात रिळं आडवी रचलेली असत, वेष्टणं आधीच फाडलेली असत, जमिनीवर खडी असे. मी ताबा घेतला तेव्हा तर तुमच्या जमिनीवर जेवायला बसता आलं असतं!"

थापाड्यांनी चष्मा लावला. अहवालातला जबाब दीड पानाचा होता. 'मी वारंवार सांगूनही गोदामप्रमुख ऐकत नाहीत', 'वयोमानाने त्यांचं लक्ष राहत नाही', 'मशीनमध्ये कोणताही दोष नाही'. खाली सही. ती सही ओळखायला त्यांना नाव वाचावं लागलं नाही. शेवटच्या अक्षराला खाली ओढलेली ती लांब रेघ ते सत्तावीस वर्षं पाहत आले होते.

"मामा, बसा," बाई म्हणाल्या.

ते बसले नाहीत. कागद परत दिला, दाबयंत्राची कळ दाबली आणि गठ्ठा पुरा होईपर्यंत काम करत राहिले. पट्टी आवळताना बोट कापलं, तेही त्यांना बाईंनी सांगितल्यावर कळलं.

रविवारी सकाळी ते व्याह्यांकडे गेले. व्याही गॅलरीत दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "ये ये, आज इकडे कसा?"

"माझी रिळं आडवी असायची का रे?"

व्याह्यांचा हात थांबला. अर्ध्या गालावर फेस तसाच. आत नळाचं पाणी वाहत होतं, तेही बंद झालं.

"तुला कुणी..."

"आडवी असायची का, तेवढं सांग."

व्याह्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "ब्रेकचे पट्टे झिजले होते. पाच महिने त्याने तपासलेच नव्हते. नुसत्या सह्या ठोकल्या होत्या. तू टोकं आणून ठेवलीस तेव्हा मीच जाऊन बघितलं. हे बाहेर आलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. तुझ्याच मुलीचा नवरा आहे तो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार होतो?"

"हेच. की असं असं झालंय, पोरगं अडकलंय, तू अंगावर घे. मी घेतलं असतं. कुठे सही करायची तेवढंच विचारलं असतं."

"आणि नाही म्हणाला असतास तर?"

 सत्तावीस वर्षांत या माणसाला थापाड्यांनी कशाला नाही म्हटलं होतं, ते त्यांना आठवेना. गोदाम गेलं, नाव गेलं, ते एक वेळ गिळता आलं असतं. पण समोरच्याने आपल्याला कधी ओळखलंच नव्हतं, हे घशाखाली उतरेना. त्यातून घरी येऊन गाळलेले ते अश्रू! केसाने गळा कापायचा आणि वर मानेवरून हात फिरवायचा.

दारात मुलगी उभी होती. हात ओले, चेहरा उतरलेला.

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी विचारलं.

तिने ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "बाबा, तुमची नोकरीची दोनच वर्षं राहिली होती. यांचं सगळं पुढचंच आहे."

हिशोब चुकीचा नव्हता. थापाड्यांनी चपला घातल्या आणि जिना उतरले. मागून तिने हाक मारली. ते वळले नाहीत.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली, मग एकदम उसळली, "त्या दिवशी मी त्या माणसाला चहा दिला हो! दोनदा दिला!" आणि रडायला लागली.

आता प्रश्न होता तो सुपरवायझर बाईंचा. थापाड्यांनी स्वतःचं सोडून दिलं असतं, मुलीसाठी कदाचित जन्मभर मूग गिळून बसले असते. पण त्या बाईंचा यात काय संबंध? त्यांची कुणाशी सोयरीक नव्हती, कुणाला वाचवायचं नव्हतं. आणि पट्टे अजून तसेच, कारण ते बदलायला काढले की दोष कबूल केल्यासारखं होणार होतं. तीन दिवस थापाडे घुसमटले. चौथ्या दिवशी त्यांनी जावयाला सायकल-स्टँडवर गाठलं. त्याला त्यांनी अर्ध्या चड्डीत पाहिलेलं, त्यामुळे अहोजाहोची भानगड नव्हती.

"सोमवारपर्यंत तू स्वतः जाऊन सांग. तू सांगितलंस तर मी तुझ्या बाजूने उभा राहीन. नाही सांगितलंस तर मी सांगेन."

"बाबांना विचारतो," जावई म्हणाला.

"बाबांना विचारूनच तर इथवर आलास."

सोमवार उजाडला, सोमवार गेला. जावई गेला नाही. मंगळवारी मुलीचा फोन आला, "बाबा, माझ्याकडे बघून तरी." थापाडे म्हणाले, "तुझ्याकडे बघूनच मी मंगळवारपर्यंत थांबलो." आणि फोन ठेवला.  बायको जवळ उभी होती; ती नको म्हणाली नाही आणि जा असंही म्हणाली नाही.

मॅनेजरच्या टेबलावर त्यांनी टोकं पसरली. बाई शेजारी उभ्या राहून आपल्या टाचणवहीतून त्या त्या तारखेच्या रिळाचा नंबर वाचत होत्या. थापाड्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. "ब्रेक उघडून बघा," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी ब्रेक उघडला. पट्टे नखाएवढे उरले होते आणि एका बाजूला तेलकट होऊन मध्येच पकडत होते. नवे बसवले. त्या आठवड्यात कागद एकदाही तुटला नाही.

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. बाईंची नोटीस मागे घेतली गेली. जावयाची नोकरी गेली नाही. त्याला वर्षभर खालच्या कामावर टाकलं. जे संकट टाळायला एवढा खटाटोप केला, ते मुळात एवढंच होतं. व्याह्यांना ताकीद मिळाली आणि सहा महिन्यांत ते निवृत्त झाले. मॅनेजरने थापाड्यांना बोलावून सांगितलं, "तुमच्या बाबतीत चूक झाली." पण गोदामाचं कंत्राट झालेलं होतं, ते मोडता येत नव्हतं. थापाडे निवृत्त झाले ते रद्दी विभागातूनच. शेवटच्या दिवशी बाई त्यांना गोदामात घेऊन गेल्या. रिळं उभी होती, जमीन स्वच्छ होती. "चांगलं ठेवलंत," थापाडे म्हणाले. त्यांनी कुठल्याच रिळाला हात लावला नाही.

मुलगी आठ महिने आली नाही. मग एका दुपारी नातवाला घेऊन आली, आईपाशी बसून बरंच रडली. बाहेरच्या खोलीत येऊन म्हणाली, "हे म्हणतात, तेव्हा तुम्हाला विचारायला हवं होतं."

"आणि तू काय म्हणतेस?"

तिने नातवाच्या शर्टाचं बटण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.  थापाड्यांनी पुन्हा विचारलं नाही. नातवाला मांडीवर घेतलं.

आता ती महिन्यातून एकदा येते. थापाडे तिच्यासाठी बाजारातून फळं आणतात, नातवाला फिरायला नेतात, सगळं यथासांग होतं. लहानपणी ती शाळेतून आली की ते तिला गोदामातली प्रत्येक गोष्ट सांगत. कुठलं रीळ बद्द वाजलं, कुणाशी खटका उडाला, साहेब काय म्हणाले. परवा ती म्हणाली, "बाबा, तुमचं काय चाललंय? हल्ली काही सांगत नाही." थापाड्यांनी तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "ठीक आहे सगळं. गुडघा दुखतो थोडा."