स्टुडिओतला काळा कोट

सेनगावच्या एसटी स्टँडसमोरच्या फोटो स्टुडिओवाल्यांकडे एकच काळा कोट आहे. पासपोर्ट फोटोला कुणीही येवो, ते आधी त्याला कोट चढवतात, सुतळीला बांधलेला कंगवा हातात देतात आणि ओरडतात, "मान वर! बराबर!"

स्टँडवर भीक मागणाऱ्या म्हाताऱ्याचा फोटो मी स्पर्धेसाठी मोबाइलवर काढला आणि मोठ्या ऐटीत त्यांना दाखवला.

"असा काहून काढला? केस तरी विंचरू द्यायचे व्हते की त्याला!" ते तडकलेच. लगेच म्हाताऱ्याला आत बसवून त्यांनी कोट चढवला, पावडर लावली. तो फोटो आता दर्शनी काचेत नवरदेवांच्या शेजारी झळकतोय.

काल स्टँडवर मी पुन्हा मोबाइल उचलला, तर म्हाताऱ्याने हात वर केला.

"थांबा साहेब, कोट घालून येतो."