उकंडाच्या गाडीवरच्या दोन सवती

वणीत मोटारसायकली पुष्कळ आहेत, पण पाठीला डोळे असलेली मोटारसायकल चौदा वर्षं एकच होती. ती उकंडाची. डोळे तुळसाबाईचे.

हे नवरा-बायको आठवडी बाजारात कपडे विकतात. परकर, गाऊन, लहान पोरांच्या चड्ड्या, म्हाताऱ्यांच्या बंड्या. आज मारेगाव, परवा मुकुटबन, मधल्या दिवशी आणखी कुठलं तरी गाव. माल गाडीच्या दोन्ही अंगांना दोन गठ्ठ्यांत लटकतो. गठ्ठे असे गलेलठ्ठ, की समोरून येणाऱ्याला वाटावं, एखादी म्हैस दोन चाकांवर बसून बाजाराला निघाली आहे. गठ्ठ्यांच्या मधे उकंडा आणि त्याच्या मागे, एका बाजूला पाय सोडून, तुळसाबाई.

गाडी नवी आली तेव्हा तिला दोन आरसे होते. आमच्याकडे नव्या गाडीचे आरसे काढून टाकणं हा जवळजवळ बारशाचा विधी आहे. आरसेवाली गाडी म्हणजे मास्तरांची गाडी, अशी समजूत. उकंडाने आठव्या दिवशी ते काढले. एक घरी खिळ्यावर दाढीसाठी लागला, दुसरा दुकानात गिऱ्हाइकासाठी. तसंही त्या आरशांत गठ्ठ्यांशिवाय काही दिसत नव्हतं.

मग मागचं पाहायचं काम तुळसाबाईकडे आलं. वणीच्या रस्त्यावर मागून येणारी मुख्य गोष्ट म्हणजे कोळशाचा ट्रक, आणि तो काही विचारून येत नाही. तुळसाबाईने खुणा ठरवल्या. उजव्या खांद्यावर एक थाप म्हणजे ट्रक, दोन थापा म्हणजे एसटी, डाव्या बगलेत चिमटा म्हणजे डावीकडून कुणी शहाणा घुसतो आहे. ट्रक भरलेला आहे की रिकामा, हे तिला नुसत्या आवाजावरून कळे. घरात भांडण झालेलं असलं की थापा जरा जोरात आणि जास्त पडत. त्या दिवशी रस्त्यावर ट्रकांची फारच गर्दी आहे, असं उकंडाला वाटे.

या कामाचा तिला भारी अभिमान. शेजारच्या दुकानवाल्यांना ती सांगे, “समोरचं तं कोनीबी पायते बापा. मागचं पाह्याले अक्कल लागते.”

पण चौदा वर्षं मागे वळणारी मान एके दिवशी वळेनाशी झाली. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी मानेला पट्टा बांधला आणि मोटारसायकल बंद केली. यवतमाळला नर्सिंग शिकणारी त्यांची मुलगी उर्वशी हिने फोनवरून हुकूम सोडला, “आई, तू घरी राह्य. बाबा, तुमी आजच्या आज आरसे लावून घ्या.”

उकंडा फुलसिंगकडे गेला. फुलसिंगचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान एसटी स्टँडच्या मागे आहे. माणूस हुशार. त्याने वीतभर लांब दांड्यांवर दोन मोठे आरसे बसवले, म्हणजे ते गठ्ठ्यांच्या बाहेर डोकावतील. वर प्रत्येक आरशाच्या कोपऱ्यात एकेक छोटा, गोल, फुगीर आरसा चिकटवला. त्यात वस्तू लहान दिसते, पण जास्त रस्ता मावतो.

उकंडा पहिल्यांदाच एकटा बाजार करून आला. तुळसाबाई दारात उभी होती. पट्ट्यामुळे तिची मान अशी ताठ, की गावाला वाटावं, बाई सरपंच झाली. उकंडाने खिशातून रुमाल काढला आणि तो आरसे पुसू लागला.

“चौदा वर्सांत गाडी पुसली नाई, अन् आरसे पुसून राह्यले?”

“अवं, धूळ बसली तं दिसन कसं?”

“माह्या डोळ्यात जात नव्हती का धूळ? मले कधी रुमाल नाई देल्ला!”

उकंडा सरळ माणूस. कुठे गप्प बसावं हे सरळ माणसाला कळत नाही. तो म्हणाला, “पण जबरदस्त काम हाय वं! खांद्यावर थापा नाई, बगलेत चिमटे नाई. रुसनं नाई, फुगनं नाई.”

झालं. तुळसाबाईचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आला. “एक सवत आनली असती तं म्या समजून घेतलं असतं. तुमी दोन आनल्या! अन् दोघीबी लेकुरवाळ्या, आपापलं लेकरू कडेवर घेऊनच आल्या!”

तेव्हापासून आमच्या गल्लीत त्या आरशांना सवती हेच नाव पडलं. पण तुळसाबाईला खरा चटका दुसऱ्याच गोष्टीचा बसला. पुढच्या बाजाराच्या सकाळी तिने पाहिलं, तर तिच्या जागेवर उकंडाने तिसरा गठ्ठा बांधला होता. तिच्या सीटवर, तिच्याच जुन्या लुगड्याच्या दोरीने. तो गठ्ठा तिच्यापेक्षा जाड होता, एवढंच काय ते समाधान. पट्टा पंधरा दिवसांनी सुटणार होता. जागा सुटेल याची खात्री नव्हती. बदलीवर आलेला माणूस खुर्चीला कसा चिकटतो, हे ती आधार कार्डासाठी तहसील कचेरीत घातलेल्या हेलपाट्यांवरून ओळखून होती.

तिने आरशांची परीक्षा घ्यायचं ठरवलं.

“बसा गाडीवर,” ती अंगणात म्हणाली. “मी ट्रक हावो.”

गठ्ठे बांधलेल्या गाडीवर उकंडा बसला. तुळसाबाई दूर गेली आणि ताठ मानेने, भरल्या ट्रकसारखी, हळूहळू मागून येऊ लागली.

“दिसते?”

“दिसते.”

“आता?”

“दिसते ना. लय बारीक दिसून राह्यली. दहा वर्सांपयलेसारखी.”

ही स्तुती होती की आरशाची तक्रार, याचा विचार करायला ती क्षणभर थांबली. पण ट्रकला थांबून चालत नाही. ती उजवीकडून आणखी दोन पावलं पुढे आली. गठ्ठ्याच्या कोपऱ्याशी, उकंडाच्या खांद्यापासून हातभर मागे.

“आता?”

“कुठी गेली वं?”

“नाई दिसत?”

“नाई. घरात गेली का?”

“अथी हावो मी, अथी!” शेतात गुप्तधनाचा हंडा लागावा तशी ती आनंदाने ओरडली. “ट्रक अथीच येते! अथून येते अन् अथीच दाबते! ह्या तुमी आनलेल्या सवती! अथी आंधळ्या हायेत दोघीबी!”

उकंडाचा चेहरा पडला. या आंधळ्या आरशांवर त्याने आतापर्यंत तीन बाजार केले होते. तुळसाबाईला तेवढं सुचलं नाही. ती जिंकली होती. आरसे परत करायचे म्हणून ती त्याला गाडीसकट फुलसिंगच्या दुकानात घेऊन गेली. उकंडा गाडी ढकलत पुढे, ही विजयी मानेने मागे.

फुलसिंगने ऐकून घेतलं आणि गाडीवर बसून आरशात पाहिलं. मग तो हसू लागला.

“वहिनी, तुम्ही बरोबर पकडलं. यालेच ब्लाइंड स्पॉट म्हणते. पन चूक आरशाची नाई, उकंडाभाऊची हाय. म्या लावले तसे ठेवले नाईत यायनं. आत वळवून घेतले. पाहा, अर्ध्या आरशात यायचं कोपर, अन् उरलेल्यात मिशी!”

“आपन दिसलो तं बरं वाटते जरा,” उकंडा पुटपुटला.

“ट्रक काय तुमची मिशी पाह्याले येते का बे? आरसा बाहेर वळवाचा. आपलं कोपर, आपला गठ्ठा आता दिसन की मंग दिसन, इतका बाहेर. आपन जितके कमी दिसू, तितका रस्ता जास्त.” मग तो तुळसाबाईकडे वळला. “वहिनी, ते नेमकी जागा तुमच्याशिवाय कोनाले ठाऊक? तुमी तिथी उभ्या राहा. मी फिरवतो, भाऊ सांगन.”

तुळसाबाई जागेवर जाऊन उभी राहिली. म्हणजे, जवळजवळ जागेवर. एक पाऊल मागे. कसोशीने पाहिलं असतं तरी कुणाला कळलं नसतं, एवढंच एक पाऊल.

फुलसिंगने आरसा फिरवला. “दिसली!” उकंडा ओरडला. “पुरी दिसली! पायातल्या चपलेसकट!”

फुलसिंगने नट आवळायला पाना उचलला. आरसे असेच राहिले असते, तर एखाद्या आठवड्यात उकंडा घाबरून घरी आला असता आणि तिसरा गठ्ठा आपोआप खाली उतरला असता. घाबरून आला असता, किंवा आला नसता. तुळसाबाईच्या समोर उकंडाची पाठ होती. सदऱ्याची कॉलर नेहमीसारखी एका बाजूने आत दुमडलेली. चौदा वर्षं रोज ती कॉलर ती बाहेर काढत आली होती. पट्टा लागल्यापासून ती कुणी काढली नव्हती. आरशांना हात नसतात.

“थांब फुलसिंगभाऊ,” ती म्हणाली. “म्या चुकली.”

ती एक पाऊल पुढे सरकली.

“कुठी गेली?” उकंडाने विचारलं.

“अथी. अथीच येते ट्रक. आता लाव.”

मग मात्र तिने दोघांना पाऊण तास सोडलं नाही. उजवा झाला, डावा झाला, छोटी लेकरं खाली सरकवून झाली. तिने बसून पाहिलं, वाकून पाहिलं, फुलसिंगला सायकल घेऊन मागून यायला लावलं. गाडीच्या मागे लपायला इंचभर जागा उरली नाही तेव्हाच तिने पाना खाली ठेवू दिला. आपल्याच हाताने सवतींना हळद लावून, त्यांना शिव्या देत बाई पायी घरी आली.

पंधरा दिवसांनी पट्टा सुटला. उकंडा प्रेमाने म्हणाला, “तू कायले तरास घेतं आता? आराम कर.” आणि तिसरा गठ्ठा बांधून निघून गेला.

तुळसाबाईने आराम केला नाही. तिने दोन पिशव्या भरल्या आणि अर्ध्या तिकिटात एसटी धरली. बसमध्ये बायकाच बायका. मुकुटबन येईपर्यंत तिचे चार परकर आणि एक गाऊन विकला गेला. उकंडा बाजारात पोचला तेव्हा ती सगळ्यात चांगल्या कोपऱ्यावर ताडपत्री अंथरून बसली होती.

उकंडा तापलेला होता. आणि तो उन्हाने नव्हता.

“तो कोन होता?” त्याने गाडी उभी करण्याआधीच विचारलं.

“कोन?”

“एसटीच्या दारात उभा होता. तू खिडकीत बसून त्याच्यासंग हसून राह्यली होती. म्या पाह्यलं. आरशात.”

आरसे तिने लावून घेतले होते. पूर्वी जिथे अख्खा ट्रक दिसत नसे, नेमक्या त्या जागी आता एसटी आली होती आणि त्याला खिडकी, खिडकीतली बायको, बायकोचे दात, सगळं स्वच्छ दिसलं होतं.

“तो? शंकरसिंग. कंडक्टर हाय. त्यानं मले खिडकीची जागा देल्ली.”

“त्याले काय पडलं तुह्या खिडकीचं?”

“चांगला मानूस हाय बापा. गाडी सोडाच्या आधी दारातून मान काढून मागचं पायते, मंगच बेल मारते. मागचं पाह्यनारा मानूस म्हनून आमाले बोलाले लय होतं.”

त्या दिवशी उकंडाने गिऱ्हाइकाला चाळीस मापाच्या बंडीऐवजी शाळेच्या पोराची चड्डी दिली.

पुढच्या बाजाराला त्याने तिसरा गठ्ठा घरातून काढलाच नाही. गाडी दाराशी लावून तो हॉर्न वाजवत बसला.

“माह्यी एसटी चुकन,” तुळसाबाई आतून म्हणाली.

“चुकू दे. बस.”

“मागचं पाह्यनार नाई मी.”

“नको पाहू. आरसे हायत.”

ती बसली, सीट फडक्याने पुसून. बसल्यावर आधी त्याची कॉलर बाहेर काढली. गाडी वणीच्या बाहेर पडली. मागे पाहायचं नव्हतं, म्हणून ती उकंडाच्या खांद्यावरून पुढे पाहू लागली. चौदा वर्षं ही वाट तिने फक्त मागे पडताना पाहिली होती.

“अवो, हा एवढा मोठा पिंपळ कधी आला?”

“पयल्यापासूनच हाय.”

“कधी सांगतलं नाई तुमी.”

उकंडा उत्तर द्यायच्या बेतात होता, तेवढ्यात उजव्या आरशात एसटी मोठी मोठी होऊ लागली. त्याने गाडी बरीच आधी कडेला घेतली. एसटी शेजारून गेली, दारातून शंकरसिंगने सलाम ठोकला आणि तुळसाबाईने हात हलवला. तो हात खाली येईपर्यंत उकंडा हॉर्न वाजवत राहिला.