हनीफभाईंना काय सापडलं

हनीफभाई गेल्याचा फोन शुवैखच्या त्यांच्या वर्कशॉपमधून आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं काय निघालं, तर "नक्की तेच का?" स्वभावच तसा माझा. लॅब टेक्निशियन माणूस, दोनदा तपासल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. इथं आखातात, खैतानच्या एका खोलीत अकरा वर्षं राहिलो आम्ही, रत्नागिरीचे ते आणि साताऱ्याचा मी. त्यांचं कपाट सताड उघडं असायचं. मी मात्र माझ्या कपाटाचं कुलूप कधी काढलं नाही.

दोन वर्षांपूर्वी वर्कशॉपमधल्या सुदानी मिस्त्रीनं त्यांना नादाला लावलं. त्याच्या मुलखात म्हणे लोक मेटल डिटेक्टर घेऊन जमिनीतलं सोनं काढतात. नोकरी संपल्यावर त्याच्याबरोबर जायचं, तोवर इथल्या किनाऱ्यावर हात बसवायचा, असा हनीफभाईंचा बेत. यंत्र घ्यायला त्यांनी मला नेलं. माझ्यासारखा संशयी बरोबर असला की दुकानदार फसवत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुकानदार सांगत होता, दोन मीटर खालचं सोनं दाखवतं. मी बोटातली अंगठी काढून त्याच्याच वाळूच्या घमेल्यात पुरली. वीतभर खाली, आणि यंत्र गप्प! मग हनीफभाईंनी बढाया न मारणारं साधं यंत्र निवडलं, बारीक तुकड्यांसाठी लहान कॉइल, म्हणजे यंत्राची खालची तबकडी, वाळू गळून जाईल असं भोकाभोकांचं फावडं, कमरेला पिशवी. शेवटी हेडफोन उचलले, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. आवाज यांनाच ऐकू येणार, मग यांना काय सापडलं ते मला कसं कळणार?

पहिल्याच शुक्रवारी सकाळी किनाऱ्यावर ते पावलागणिक थांबत, वाकत, उकरत आणि काही न बोलता पुढे जात. विचारलं तर म्हणाले, बिघडलंय वाटतं. काल दुकानात चाललेलं आज बिघडतं होय? मी त्यांच्या कानावरचे हेडफोन ओढले. आवाज चालूच होता. मी सरळ त्यांच्या पिशवीत हात घातला, मग खिशांत... थंड पेयांच्या डब्यांच्या कड्या, एक वॉशर, एक खिळा. हनीफभाई हात बाजूला धरून उभे राहिले. मग खाली बसून त्यांनी कंपनीचे सेफ्टी शूज काढले. पुढे पोलाद असतं ना त्यांच्यात! बूट लांब ठेवले आणि यंत्र शांत झालं. तीस वर्षं लोखंडात काढलेला माणूस पायातलं लोखंड विसरला होता. ते हसले. मला इतकी लाज वाटली, की हसताही येईना.

पुढे ते चपला घालून एकटेच जायचे. पण परत आले की कुणी न विचारता पिशवी माझ्यासमोर वर्तमानपत्रावर उलटी करायचे, वर खिसेही. दोन वर्षांत सोन्याचा कणही निघाला नाही. आता बास, दाखवू नका, असं मी एकदाही म्हटलं नाही.

त्यांचं सामान मीच बांधून गावी पाठवलं. आठवड्यानं धाकट्या भावाचा फोन, बाकीचं कुठंय? गावात बोलणं सुरू झालं होतं: हनीफनं घरच्यांपासून सोनं लपवलं, रूमवाल्यानं ते ढापलं. माझं सोडा, पण गेलेल्या माणसावर हा डाग? मग हनीफभाईंच्या बायकोचा, भाभींचाच फोन आला.

"भाऊ, खरं सांगा. माझ्यापासून काही लपवत होते का ते?"

"नाही भाभी. मी स्वतः त्यांची झडती घेतली होती."

मग मी किनाऱ्यापासून वर्तमानपत्रापर्यंत सगळं सांगितलं.

"हे लोकांना सांगा," त्या म्हणाल्या. "आणि झडती घेतलीत, तेही सांगा."