बाजार नसलेले दिवस

किस्से साठतात ते सांगायला कोणी नसलं की. चार माणसांत राहणारा संध्याकाळच्या चहाबरोबर सगळं सांगून मोकळा होतो. मी तळोद्याला एका खोलीत एकटी राहायचे. आईला फोनवर काही सांगायला घेतलं की ती मध्येच विचारायची, "ते असू दे, तू जेवलीस का?" किस्सा तिथेच संपायचा. म्हणून माझ्याकडे बरेच उरलेत.

मी इंजिनीअर, मूळची कोल्हापूरची. तळोद्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात आठवडे बाजार भरतो. उन्हाळ्यात तिथली भाजी दुपारच्या आत मान टाकायची आणि पावसाळ्यात शेजारचा नाला मैदानात शिरायचा. तिथे उंच ओटे, वाऱ्याने उडणार नाही असं छत, पाण्याला वाट देणारी गटारं आणि भाजीसाठी एक थंड खोली बांधायचं काम माझ्याकडे होतं. बाजाराच्या दिवशी काम बंद. म्हणजे सगळा परिसर जमायचा तेव्हा मला सुट्टी, आणि मी साइटवर असायचे तेव्हा मैदानात रघुनाथनाना मिस्त्री, त्यांची माणसं आणि चरायला आलेल्या शेळ्या.

* * *

काम सुरू करण्याआधी विक्रेत्यांची मीटिंग घ्यायची होती. मी प्रेझेंटेशनची तयारी करून गेले आणि शाळेतल्या मराठीत विचारलं, "नव्या बाजाराबद्दल आपल्या काय अपेक्षा आहेत?"

शेवटी प्रकाशा गावाहून भाजी घेऊन येणाऱ्या सुमनबाईंनी हात वर केला. मी पेन उघडलं.

"माय, तू तळोदाले एकलीच ऱ्हास का?"

"हो," मी म्हणाले.

"मंग तुन्हा सयपाक कोन करस?"

"मीच करते."

बायका आपसात बोलायला लागल्या. बराच वेळ चर्चा चालली. ती पूर्ण माझ्याबद्दल होती. उठता उठता सुमनबाई म्हणाल्या, "आम्हले सावली पायजे. बाकी तू देखी ले." त्या दोन वाक्यांवर पूर्ण आराखडा उभा राहिला.

* * *

जुन्या शेडचं छत मागच्या वादळात उडालं होतं. पत्रे नेमके कुठून फाटले ते पाहिलं तर नवीन छत कसं आवळायचं ते कळणार होतं. नाना म्हणाले, एक पत्रा केळीच्या बागेत पडला होता, तो बागवाल्याने गोठ्यावर टाकलाय. आम्ही गेलो.

बागवाल्याला वाटलं, आम्ही पत्रा परत न्यायला आलोय. तो दारातच उभा राहिला. "आम्ही काय बलाया नव्हता. तोच उडीसन ऊना. आते पाव्हनाले घरमाईन कसं काढानं?"

नाना पोट धरून हसले. मीही हसले, शिडीवर चढून स्क्रूची फाटलेली भोकं बघितली, फोटो काढले. गोठ्याखाली म्हैस आरामात रवंथ करत होती.

परत येताना मनात आलं, या भागात येऊन मला इतके महिने झाले, पण पाहुणा म्हटलं ते न बोलावता उडत आलेल्या पत्र्याला.

* * *

बाजाराच्या दिवशी सुट्टी असूनही मी जायचेच. खोलीत बसून करायचं काय? सुमनबाईंकडून मेथी घ्यायचे. जुडी मोठी असायची. एकदा मी म्हटलं, "सुमनबाई, अर्धीच द्या ना. मला एवढी संपत नाही."

त्यांनी जुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अर्धी करी तं ती सुटी जास, माय."

आणि पूर्ण जुडी पिशवीत घातली. त्या आठवड्यात माझा डबा उघडला की नाना दुरूनच विचारायचे, "मॅडम, आज बी मेथी?"

* * *

थंड खोली हे माझं लाडकं काम. दुहेरी विटांच्या भिंती, मध्ये वाळू, वाळूवर ठिबकणारं पाणी. वीज लागत नाही. ऐन मे महिन्यात ती पहिल्यांदा उघडली. सुमनबाईंना सांगून ठेवलं होतं, भाजी आत ठेवा, संध्याकाळी बघू कशी राहते.

दुपारी वरच्या कार्यालयातले साहेब बघायला आले. मी अभिमानाने दार उघडलं. आत भाजीची एक टोपली नव्हती. गावातले म्हातारे भिंतीला पाठ लावून ओळीने बसले होते. एक जण घोरत होता.

"बाबा, ही खोली भाजीसाठी आहे," मी म्हणाले.

त्यातल्या सगळ्यात थकलेल्या बाबांनी डोळे किलकिले केले. "माय, भाजीना पहिले आम्ही वाळी जासूत."

साहेबांनी हळूच दार लावून घेतलं. नंतर नानांनी बाहेरच्या भिंतीला लागून एक लांब बाक बांधून दिला. तिथेही चांगला गारवा असतो. कधी कधी मीही तिथे बसायचे. बाबा सरकून जागा द्यायचे.

* * *

बांधकाम संपलं तरी कोणाचा विश्वास नव्हता. नाल्याला पाणी आलं की ओटेही बुडतील, मग परत रस्त्याच्या कडेला बसू, असं सगळे म्हणायचे. भाद्रपदात ऐन बाजाराच्या दिवशी पावसाने झोडपलं. मी सकाळीच स्कूटीवरून जाऊन पोचले, आणि मागोमाग रस्त्यावरच्या पुलावरून पाणी गेलं.

नाला मैदानात आला. ओट्यांच्या पायाशी आला, गटारात शिरला आणि पलीकडे निघून गेला. ओटे कोरडे. छतातून थेंब नाही. मला हे कोणाला तरी सांगायचं होतं. नानांना फोन लावला, रेंज नव्हती. विक्रेत्यांच्या जीपा पुलापलीकडे अडकलेल्या, गावातली माणसं पावसाने घरात, सुमनबाई प्रकाशालाच. पूर्ण बाजार कोरडा, आणि त्यात माणूस नाही.

तेवढ्यात पहाडाकडच्या पायवाटेने एक म्हातारी आली. डोक्यावर रानभाजीची टोपली, वर पळसाची पानं. घरी पहाडातली पावरी बोली बोलणारी, बाजारापुरती अहिराणी येणारी. ती एका ओट्यावर बसली, ओट्यावरून हात फिरवला, भाजीचे छोटे छोटे ढीग मांडले आणि वाट पाहू लागली.

मी तिच्यापुढे उभी राहिले. "आजी, आज कोणी येणार नाही. पूल बंद आहे."

तिने समोरच्या ओट्याकडे बोट केलं. "तू तठे बठ."

मी जाऊन बसले. आमच्या मधून गढूळ पाणी वाहत होतं. पाऊस थोडा कमी झाला तशी तिने पलीकडून हाक मारली.

"तू काय लई ऊनी?"

विकायला आणलेलं म्हणावं तर माझ्याजवळ मोजायची टेप होती आणि ओली छत्री. मी दोन्ही ओट्यावर नीट मांडून ठेवली.