अंबुजामामी राजवाडा बघतात

म्हैसूर बघायला येणारा आमच्यातला प्रत्येक पाहुणा नजरबादला अंबुजामामींकडे उतरतो, कारण राजवाडा त्यांच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ आहे. आजवर त्यांच्या सासर-माहेरच्या यच्चयावत माणसांनी तो पाहिलाय. मामींनी मात्र आतून कधीच नाही. फाटकाशी पोचलं की ठरलेलं, "मामी, तुम्ही काय, इथल्याच! जरा पिशव्या सांभाळा." मग मामी झाडाखाली बसायच्या. ही फुकटची हमाली पाहून माझं टाळकं फिरायचं. शेवटी मी ओरडलेच, "एकट्या जा की हो! परवानगी कुणाची हवीय?"

परवा त्या खरंच गेल्या, ठेवणीतली रेशमी साडी नेसून. तिकीटही काढलं. पण रांगेत कुणीतरी मराठी बोलताना ऐकलं आणि मामींना राहवलं नाही. "कुठले तुम्ही?"

"साताऱ्याचे. तुम्ही इथल्याच का? बरं झालं बाई! मावशी, जरा एवढ्या पिशव्या धरता?"

बाईंनी पाच पिशव्या अडकवल्यासुद्धा. मामींचे पाय सवयीनं झाडाकडे वळले. मग एकदम कानडीत म्हणाल्या, "अय्यो, साकु!" म्हणजे, पुरे झालं! आणि पिशव्यांसकट आत घुसल्या.

"मावशी, थांबा! त्यात बाळाचं दूध आहे!"

"मग या की मागनं!"

सातारकरांनी सगळी दालनं धावत पाहिली. दरबाराच्या दिवाणखान्यात मामी सापडल्या, मान वर करून उभ्या.

"पिशव्या द्या हो!"

मामींनी दुधाची बाटली तेवढी काढून दिली. "बाकीचं नंतर. छत बघून व्हायचंय अजून."