मैदानाकडे पाठ करून बसणारे नाना

डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. जळगावच्या त्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरबाहेर बाकडी होती, पण मला बसवत नव्हतं. दार वाजलं, पावलं थांबली, कोणीतरी हळू बोललं. मागे न वळताच मी काकूला विचारलं, "काय व्हयनं?" काकू माझ्याशी कधी खोटं बोलली नव्हती. ती काहीच बोलली नाही, तिने नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला... नाना, माझे थोरले चुलते, हृदयाच्या ऑपरेशनमधून वाचले नाहीत. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. असं पाठ फिरवून विचारायची खोड मी नानांकडूनच उचलली होती.

नाना धुळ्याला, देवपूरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. तिथल्याच मैदानावर मी बास्केटबॉल खेळायचे, आणि खोटा विनय कशाला, जिल्ह्यात माझ्या तोडीची दुसरी नव्हती. प्रत्येक मॅचला नाना काकूला घेऊन सिमेंटच्या पायरीवर हजर. माझा एकेक थ्रो मोजायचे. पण मॅच अटीतटीची होऊन शेवटच्या मिनिटाला मी फ्री थ्रोच्या रेषेवर उभी राहिले, की हे मोजणारे गृहस्थ मैदानाकडे पाठ करून कंपाउंडची भिंत बघत बसायचे. "तू देखी सांग वं, माले देखावत नई," असं काकूला सांगायचे. मग "काय व्हयनं?" आणि काकू सांगेल ते टिपून घ्यायचे. टीममधल्या पोरी फिदीफिदी हसायच्या. मला हसू यायचं नाही. नानांची पाठ दिसली की कळायचं, घाबरलेली मी एकटीच नाही.

एका वर्षी राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती आणि गावभर एकच बोललं जायचं : पोरगी चांगली, पण शेवटी कच खाते. जळगावला ऐन वेळी माझे दोन्ही थ्रो हुकले, तेव्हा मलाही ते पटलं. बॉल हातात घ्यायचीच धास्ती वाटायला लागली. नाना मात्र चिडले. म्हणाले, शितावरून भाताची परीक्षा सगळेच करतात, पण शीत भांड्यात कुठून उचललं ते कोणी बघत नाही. तुझे हुकलेले थ्रो लोकांच्या लक्षात राहतात, पडलेले विसरतात. आणि अटीतटीचे थ्रो मुळात मूठभर, त्यावरून कोणाचं काळीज मोजता येत नाही. मग त्यांनी एक युक्ती काढली. रिकाम्या मैदानावर, ना प्रेक्षक ना शिट्ट्या, मला धाप लागेपर्यंत पळवायचं आणि लगेच थ्रो टाकायला लावायचं. हे आठवडेच्या आठवडे चाललं. तिथे मात्र ते समोर उभे राहून बघायचे. आणि गंमत म्हणजे तिथेही मी तशीच हुकत होते! "धीर कमी नई शे तुना, दम कमी शे," नाना म्हणाले, घरात लग्न ठरल्यासारखे खूश होऊन. मी पांझरा नदीच्या काठाने पळायला लागले. शेवटचे थ्रो पडायला लागले, निवडही झाली.

भीती मात्र गेली नाही. ती मी कोणाला सांगितली नाही. आकड्यांनी निर्दोष सोडल्यावर कोण कबुली देतं?

यंदा नानांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. शंभरातले किती बरे होतात ते डॉक्टरांनी सांगितलं, आकडा चांगला होता. तरी नाना संमतीच्या कागदावर सही करेनात. "शंभरमधला मी कोनता, हाई आकडा सांगस का?" म्हणाले. जन्मभर आकडे शिकवलेला माणूस आणि तो कागद पुन्हा पुन्हा पालथा करून ठेवत होता. मला ते बघवेना. मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाले, "जलमभर बठ्ठं मोजं, हाईच मोजानं राही गयं. शेवटना टाइमले तुले भ्याव लागे का वं, पोरी?"

मी खरं ते सांगितलं. "भीती वाटायची, नाना. प्रत्येक वेळी."

नानांनी कागद सुलटा केला. मग हसले. "मंग भ्याव राहीनं तरी हात चालस," म्हणाले आणि पेन मागून घेतला.

मी दुसरं काही बोलले असते तर त्यांनी सही केली असती का? आज ते पायरीवर बसलेले असते का? नाना म्हणाले असते, एका शितावरून काही कळत नसतं. मला पटतं, आणि तरी पहाटे जाग येते ती याच प्रश्नाने.

मी आता त्याच मैदानावर मुलींना शिकवते. परवा मॅच होती. काकू नानांनंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडली आणि मी बसले होते त्याच पायरीवर येऊन बसली. शेवटचं मिनिट, एका गुणाचा फरक, आमची मुलगी रेषेवर. मी पाठ कधी फिरवली ते माझं मलाच कळलं नाही. समोर कंपाउंडची ती भिंत, रंग उडालेली. मागे बॉल टप टप आपटत होता, मग तो आवाज थांबला.

"काय व्हयनं?" मी विचारलं.

काकू गप्प. हॉस्पिटलातल्यासारखीच गप्प...

"आज माले बी देखावत नई," काकू म्हणाली. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. "तूच देखी सांग."

आमच्या दोघींच्या मध्ये पायरीवर नानांपुरती जागा मोकळी होती. मी वळले.